परिशिष्टातली माणसं

पॅटरसनचं पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते इगतपुरीला, मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. गणपतीची सुट्टी होती आणि समोरचा डोंगर आठ दिवस ढगांतून बाहेर आला नव्हता. मी नववीत होतो. जिम कॉर्बेट वाचून वाचून पाठ झाला होता, वाघ संपले होते, आता सिंह हवे होते. वडिलांनी मुंबईला फोर्टातल्या फुटपाथवरून एक कव्हर गेलेली, वाळवीने एका कोपऱ्यात चाखून पाहिलेली प्रत आणली होती. 'द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो', पहिली आवृत्ती १९०७. माझं इंग्रजी तेव्हा असं की दर पानाला चार वेळा डिक्शनरी उघडायची, आणि सिंह तंबूच्या दाराशी आला की डिक्शनरी फेकून अंदाजाने पुढे पळायचं.

मामा रेल्वेत रुळांच्या कामावर होते. घाटातला सेक्शन. पावसाळ्यात दरड कोसळली की रात्री दोनलाही बॅटरी घेऊन निघायचे. त्यांनी कधी कादंबरी वाचलेली मी पाहिली नव्हती. पण मी पुस्तक खाटेवर उघडं टाकून जेवायला गेलो होतो, आणि उघड्या पानावर बांधकाम चालू असलेल्या पुलाचा फोटो होता. तेवढ्यावर त्यांनी ते उचललं ते चार रात्री सोडलं नाही. परत देताना म्हणाले, "चांगलं आहे."

"कसे वाटले सिंह?" मी विचारलं.

"सिंह ठीक आहेत. पण हे पुस्तक पुलाचं आहे रे. गँग पळून गेलीय, माल पडून आहे, वरचा साहेब विचारतोय पूल कधी होणार. आणि त्यात हे सिंह."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता पस्तीसेक वर्षांनी, वसाहतकाळातल्या आफ्रिकेच्या शिकारीची पाच-पंचवीस पुस्तकं वाचून झाल्यावर, या साऱ्या साहित्यावर मी वाचलेल्या शेऱ्यांमध्ये मला मामांचाच शेरा सर्वांत कामाचा वाटतो.

ज्यांनी हे वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत ब्रिटिशांनी १८९६ मध्ये रेल्वे टाकायला घेतली. कामाला माणसं नेली हिंदुस्थानातून, बहुतेक पंजाबातली, कराचीहून बोटीत बसवून. मार्च १८९८ मध्ये जॉन हेन्री पॅटरसन हा आयरिश इंजिनिअर तिथे उतरला. हिंदुस्थानात फौजेत काढल्यामुळे त्याला हिंदुस्तानी येत होती. किनाऱ्यापासून १३२ मैलांवर त्सावो नदीवर त्याला कायमचा पूल बांधायचा होता. तो पोचला, आणि थोड्याच दिवसांत दोन सिंहांनी छावणीतली माणसं उचलायला सुरुवात केली. आयाळ नसलेले नर. डिसेंबरात त्याने दोन्ही मारले, पहिला ९ तारखेला आणि दुसरा २९ तारखेला. मधले नऊ महिने म्हणजे हे पुस्तक.

सांगायची हातोटी विलक्षण आहे, हे कबूल करायलाच हवं. पहिल्या सिंहाच्या रात्री पॅटरसन चार काठ्यांवर बांधलेल्या, जेमतेम बारा फूट उंचीच्या डळमळीत मचाणावर एकटा बसलेला आहे. खाली अर्धवट खाल्लेलं गाढव. काळोख असा की सिंह गाढवाकडे न येता आपल्याच भोवती घिरट्या घालतोय हे फक्त कानांना कळतंय. जवळजवळ दोन तास. आणि अचानक काहीतरी फटकन त्याच्या डोक्यामागे आदळतं. घुबड. झाड समजून बसायला आलेलं. शिकारकथांमध्ये मी सिंह-वाघांच्या शेकडो झेपा वाचल्या असतील, पण दचकलो असेन तर त्या घुबडाला. फ्रेडरिक सेलूसने प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की सिंहांची इतकी रंगलेली हकिगत आपण कधी ऐकली किंवा वाचली नव्हती, आणि सेलूस म्हणजे आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांच्या पंथाचा पीठाधीशच.

पण मामांच्या पेन्सिलच्या खुणा घुबडाच्या पानावर नाहीत. पहिली खूण आहे पगाराच्या आकड्यांपाशी. गवंड्याला महिना ४५ रुपये, साध्या कुलीला १२. साहजिकच अनेक कुली आपण गवंडी आहोत असं सांगून आले होते. पॅटरसनने ते ओळखलं आणि काम मोजून पैसे द्यायला सुरुवात केली. मामांनी समासात लिहिलंय, 'उक्तं'. मला समजावताना म्हणाले होते, "रोजंदारीचं उक्तं केलं की पहिल्या महिन्यात भांडण ठरलेलं. आमच्याकडे काय निराळं होतं?"

भांडण झालंही, आणि साधंसुधं नाही. खाणीवरच्या लोकांनी पॅटरसनला मारायचं ठरवलं. मारून प्रेत जंगलात टाकायचं, सिंह खातील, आणि नाव सिंहांवर जाईल. ही योजना त्याला आधीच कळली, तरी तो खाणीत गेला. अंगावर धावून आलेल्यांना चुकवून एका खडकावर चढला आणि तिथून हिंदुस्तानीत भाषण ठोकलं. नरभक्षक सिंहांच्या पुस्तकात हा प्रसंग लोक विसरतात. मला मात्र तो मचाणाइतकाच थरारक वाटतो, कारण सिंहांचा असा वापर करायची कल्पना ज्याला सुचली, त्याला सिंहांची भीती नव्हती असं नाही. रोज रात्री तो त्याच सिंहांच्या भीतीने काट्यांच्या वईआड झोपत होता. भीतीलासुद्धा त्याने कामाला लावलं.

पुढे १ डिसेंबरला सगळ्यांनी काम टाकलं. पॅटरसनला येऊन म्हणाले, आम्ही सरकारचं काम करायचा करार करून हिंदुस्थानातून आलो, सिंहांचं नाहीतर सैतानांचं खाद्य व्हायला नाही. किनाऱ्याकडे जाणारी गाडी आली तेव्हा काही जण रुळांवर आडवे झाले, गाडी थांबवली, सामान आत फेकलं आणि गेले. तीन आठवडे पूल जागच्या जागी. या पानावर मामांनी काही लिहिलेलं नाही, पण गाडी आली त्या ओळीखाली दोन रेघा आहेत. ज्याने जन्मभर रूळ मोकळा ठेवायचं काम केलं, त्याला रुळावर आडवी पडलेली माणसं काय वाटली असतील, ते विचारायचं राहून गेलं.

आणि उंगन सिंग. धिप्पाड शीख जमादार. तंबूत सहा-सात जणांबरोबर झोपला होता. सिंहाने दारातून तोंड आत घालून त्याचा गळा धरला. शेजारच्याने नंतर सांगितलं की तो फक्त एक शब्द ओरडला आणि त्याने दोन्ही हात सिंहाच्या मानेभोवती टाकले. पॅटरसनने तो शब्द रोमन लिपीत कानाने ऐकल्यासारखा छापलाय, आणि मी तो मोठ्याने वाचताना 'चोरो' असा वाचला. पुढे इंग्रजीत अर्थ दिलेला असूनही. आतून मामा म्हणाले, "चोरो काय? छोडो म्हणतोय तो."

त्या क्षणी पुस्तकातला आफ्रिका खंड एकदम इगतपुरी स्टेशनच्या फलाटावर आला. हा शब्द मी रोज ऐकत होतो. पार्सल ऑफिससमोर, गर्दीत, गाडीच्या दाराला लटकलेल्यांकडून. अडीचशे-तीनशे पानांच्या इंग्रजी पुस्तकात त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडचा एवढाच एक शब्द उरलाय, आणि तोही वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये.

आता ती ओळ, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. सिंहांनी किती माणसं मारली? पॅटरसन लिहितो, २८ हिंदी कुली, आणि त्याशिवाय कितीतरी आफ्रिकी लोक, ज्यांची सरकारी नोंद ठेवली गेली नाही. एवढंच. पुढच्या वाक्यात तो दुसऱ्या विषयावर गेलाय. नंतरच्या वर्षांत त्याने हा आकडा १३५ पर्यंत नेला. या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० माणसं गेली, त्यांतली २,४९३ मेली. तापाने, हगवणीने, अपघातांत, पायाच्या चिघळलेल्या जखमांनी. म्हणजे सिंहांनी नेलेले २८ हे शेकडा एकाच्या आसपास. मराठीत आपण सिंहाचा वाटा म्हणतो. त्या रेल्वेवर सिंहाचा वाटा सिंहांचा नव्हताच. पण पुस्तक निघालं ते सिंहांवर. डासांच्या मागे मचाण बांधून बसलेल्या माणसाचं पुस्तक कोण वाचणार?

त्यामुळे मला एक खोड लागली. या प्रकारचं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी ते मागून उघडतो. शिकाऱ्यांच्या पुस्तकाला परिशिष्ट असतंच. कुठली बंदूक, कोणती काडतुसं, सुळ्यांचं वजन, बरोबर किती पीठ न्यावं, हमालांना काय द्यावं, मारलेल्या जनावरांची यादी. पुढच्या पानांत लेखक स्वतःला रंगवत असतो, तिथे तो सावध असतो. मागच्या पानांत तो हिशेब लिहितो, आणि हिशेब लिहिताना माणूस खोटं बोलायला विसरतो.

पॅटरसनच्या परिशिष्टात एक कविता आहे. सिंह मेल्यावर कामगारांनी त्याला चांदीचा वाडगा भेट दिला, ३० जानेवारी १८९९ ची तारीख घातलेला. आधी मारायला निघालेल्यांनीच तो दिला, असा पॅटरसनचा सूर आहे. त्याच वेळी रोशन नावाच्या मिस्त्रीने हिंदुस्तानीत एक लांबलचक काव्य रचलं. सुरुवात अल्लाच्या नावाने. मग मी आफ्रिका देशात आलो, हा मोठा विलक्षण मुलूख आहे, डोंगर, खडक, दाट जंगलं, आणि मग जनावरांची जंत्री. मग सिंह, मग साहेब. साहेबाला तो रुस्तम, जाल आणि सोहराब या जुन्या इराणी वीरांच्या पंक्तीत बसवतो. पॅटरसनने त्याचं शब्दशः इंग्रजी भाषांतर छापलं आणि गालातल्या गालात हसत छापलं, हे जाणवतं. मूळ ओळी त्याने दिल्या नाहीत. मी अनेकदा त्या इंग्रजीवरून मागे जायचा प्रयत्न केला आहे. कुठे 'शेर' असेल, कुठे 'बियाबान', कुठे 'दिलेर'. पोवाड्यावर कान तयार झालेल्या माणसाला त्यातली बांधणी ओळखू येते. नमन, मुलखाचं वर्णन, संकट, वीराची स्तुती, शेवटी शाहिराचं नाव-गाव. रोशन शेवटी आपलं नाव सांगतो. छावणीतल्या हजारो माणसांत ज्याने स्वतःची नोंद स्वतः करून ठेवली असा हा एक, आणि त्यासाठी त्याला साहेबाचं कवन गावं लागलं.

या पुस्तकांच्या कुळातला मूळपुरुष मात्र आपल्या मुंबईचा निघाला, हे मला फार उशिरा कळलं. विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस, बॉम्बे इंजिनिअर्समधला कॅप्टन. तब्येत बिघडली म्हणून १८३६ मध्ये त्याला दोन वर्षांच्या रजेवर दक्षिण आफ्रिकेतल्या केपला पाठवलं. हवापालट म्हणून गेलेल्या या गृहस्थाने मुंबईच्याच मुलकी नोकरीतला एक साथीदार घेऊन बैलगाड्या जुंपल्या आणि थेट म्झिलिकाझी राजाच्या मुलखापर्यंत शिकार करत मजल मारली. डिसेंबर १८३६ मध्ये मागालीसबर्गच्या डोंगरात त्याला काळंभोर, तलवारीसारख्या मागे वळलेल्या शिंगांचं एक हरीण दिसलं, जे युरोपच्या शास्त्रज्ञांनी तोवर पाहिलेलं नव्हतं. सेबल. त्याला कित्येक वर्षं हॅरिसचं हरीण म्हणत. परत येऊन त्याने प्रवासवर्णन लिहिलं आणि १८३८ मध्ये ते मुंबईत छापलं, अमेरिकन मिशन प्रेसमध्ये. लंडनची आवृत्ती पुढच्या वर्षीची.

अमेरिकन मिशन प्रेस! मराठी छपाईचा इतिहास ज्याने ओझरता जरी वाचलाय, त्याला हे नाव ओळखीचं. गणपत कृष्णाजींना स्वतःचा छापखाना काढावासा वाटला तो हाच छापखाना पाहून. पुढे निर्णयसागर उभं करणारे जावजी दादाजी लहान पोर असताना इथेच टाइपांच्या कामाला लागले. आफ्रिकेतल्या शिकारीच्या ग्रंथपरंपरेतलं हे पहिलं मोठं पुस्तक ज्यांनी जुळवलं त्या कंपोझिटरांनी जिराफ कशाला म्हणतात हे तरी ऐकलं असेल का, असा मला उगाच प्रश्न पडतो.

जिराफ म्हणायचं कारण, हॅरिसचं सगळ्यांत गाजलेलं पान जिराफाचं आहे. पहिला जिराफ घोड्यावरून गाठल्यावर तो गोळ्या झाडत राहतो, जिराफ नुसता उभा आहे, मुका, त्याच्या पापण्यांमधून अश्रू ओघळताहेत, आणि सतराव्या गोळीला तो कोसळतो. कसा? मिनार कोसळावा तसा. अश्रू त्यानेच टिपलेत, गोळ्या त्यानेच मोजल्यात, उपमाही त्यानेच दिली आहे, आणि उपमा हिंदुस्थानात राहिलेल्या माणसाचीच आहे. शिवाय हा उत्तम चित्रकार. त्याची प्राण्यांची रंगीत चित्रं पाहिली तर त्याचं त्या जनावरांवर प्रेम नव्हतं असं म्हणवत नाही. हे प्रेम कसलं ते मला आजतागायत नीट सांगता येत नाही. १८४८ च्या ऑक्टोबरात पुण्याजवळ तापाने तो वारला. चाळिशी नुकतीच ओलांडली होती.

त्याच्या पुस्तकाने पेटून जे आफ्रिकेत गेले त्यांत रुआलिन गॉर्डन-कमिंग हा सगळ्यांत कुप्रसिद्ध. १८५० चं त्याचं पुस्तक लंडनमध्ये धो-धो खपलं. त्यातला एक प्रसंग मी एकदाच वाचला. हत्तीच्या खांद्यात गोळी घालून त्याने त्याला लंगडा केला, म्हणजे पळता येईना. मग जाळ करून कॉफी ठेवली. कॉफी पीत हत्तीचं सौंदर्य न्याहाळलं. मग नेमकी कुठे गोळी लागली की हत्ती मरतो, हे पाहायला ठिकठिकाणी गोळ्या घालून प्रयोग केले. यावर काही लिहीत नाही. आपण त्याचे हाल वाढवतोय हे पाहून धक्का बसला, एवढं तो लिहितो, पण कॉफीचा उल्लेख गाळावा असं त्याला वाटलं नाही.

सेलूस वेगळा माणूस. १८७१ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना तो केपला उतरला. त्याच्या 'अ हंटर्स वाँडरिंग्ज इन आफ्रिका' (१८८१) मध्ये सिगार नावाचा, तिथल्याच खोईखोई जमातीचा एक शिकारी आहे. त्सेत्से माशीच्या प्रदेशात घोडा टिकत नाही, तिथे पायी हत्ती कसा मारायचा हे सेलूसला या सिगारने शिकवलं, आणि सेलूस ते मोकळेपणाने सांगतो. गुरूचं नाव घेणारे या साहित्यात फार थोडे. बाकीच्यांच्या पुस्तकात माग काढणारा 'माझा माणूस' असतो, बंदूक भरून देणारा 'पोऱ्या' असतो, भले तो साहेबाच्या बापाच्या वयाचा का असेना. सेलूस पुढे ६५ वर्षांचा असताना पूर्व आफ्रिकेत जर्मनांशी लढताना ४ जानेवारी १९१७ ला गोळी लागून मेला.

डब्ल्यू. डी. एम. बेलबद्दल माझ्या मनात एक वेगळीच, जराशी लाजिरवाणी ओढ आहे. 'द वाँडरिंग्ज ऑफ अ‍ॅन एलिफंट हंटर', १९२३. याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले पुष्कळ .२७५ सारख्या हलक्या रायफलने, जिला इतर शिकारी हरणाची बंदूक म्हणून हसत. (कॉर्बेटची आवडती रिग्बी रायफलही याच बोअरची.) जमलं कसं? हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून त्याने मेंदू नेमका कुठे बसतो ते पाहिलं, आकृत्या काढल्या, आणि मग कोणत्या कोनातून किती इंच पुढे नेम धरायचा ते पाठ केलं. त्याचा स्वतःचा हिशेब असा की एका नर हत्तीमागे सरासरी ७३ मैल चालणं पडलं. गद्य कोरडं, विनोद बारीक, फुशारकी जवळजवळ नाही. कारागिराने आपल्या धंद्याबद्दल लिहावं तसं. पाथरवट, सुतार यांच्याबद्दल वाचताना जो आनंद होतो तोच होतो, आणि मग लक्षात येतं की हा धंदा काय आहे.

आणि हा धंदा आपल्यापासून लांब नव्हता. झांजिबारचा हस्तिदंत वर्षानुवर्षं मुंबईच्या बंदरात उतरत होता. तिथल्या सुळ्यांच्या व्यापारात कच्छी-गुजराती पेढ्यांचं भांडवल होतं. मुंबईत माल पारखला जाई, काही विलायतेला जाई बिलियर्डच्या चेंडूंसाठी आणि पियानोच्या पट्ट्यांसाठी, काही इथेच राही चुड्यांसाठी. माझ्या आजीच्या फडताळात कुंकवाची एक हस्तिदंती डबी होती, पिवळी पडलेली, झाकणाला बारीक चीर गेलेली. ती कुठल्या हत्तीची, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. खायचे दात आणि दाखवायचे दात वेगळे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. विकायचे दात कुठले, ते म्हणीत नाही.

शब्दसुद्धा दोन्हीकडून ये-जा करत राहिले. स्वाहिलीत प्रवासाला सफारी, आपल्याकडे सफर. दोन्ही अरबीतून. तिकडे बंदूक म्हणजे बुंदुकी, दुकान म्हणजे दुका, गाडी म्हणजे गारी. पॅटरसनच्या छावणीत यातला कोणता शब्द कोणी कोणाला शिकवला असेल!

थिओडोर रूझवेल्टच्या पुस्तकाबद्दल मला फारसं सांगायचं नाही. अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून उतरला आणि १९०९ मध्ये मुलाला घेऊन आफ्रिकेत गेला. अडीचशेच्या आसपास हमाल, आणि त्यांच्या डोक्यावरून चाललेली डुकराच्या कातड्यात बांधलेली साठेक पुस्तकांची लायब्ररी. 'आफ्रिकन गेम ट्रेल्स' १९१० चं. त्यातली यादी तेवढी वाचण्यासारखी. बापाची २९६ जनावरं, लेकाची २१६. बेरीज ५१२, त्यांत १७ सिंह, ११ हत्ती आणि २० गेंडे. काही गेंडे वरच्या नाईलकाठच्या लाडो प्रदेशातले, 'उत्तरेकडचे पांढरे' या जातीचे. त्या जातीचा शेवटचा नर २०१८ मध्ये केनियात मेला. आता दोन माद्या उरल्या आहेत, मायलेकी.

पूर्व आफ्रिकेत तेव्हा हिंदी रुपया चालत होता. रूझवेल्टच्या वेळी बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्याचा परवाना ५० पौंडांना, म्हणजे ७५० रुपयांना मिळे. मामांसारखा हिशेब करून पाहिला. त्सावोच्या १२ रुपयेवाल्या कुलीचा पाच वर्षांहून अधिक पगार. परवाना घेऊन मारली की ती शिकार. तिथला कांबा जमातीचा माणूस बापजाद्यांचा धनुष्यबाण घेऊन त्याच रानात शिरला की ती चोरटी शिकार. आपल्याकडे पारध्यांचं काय झालं ते आठवावं, जास्त लिहायची गरज नाही.

गंमत अशी की जनावरं संपत चालली अशी पहिली ओरडही याच लोकांनी केली. १९०३ मध्ये लंडनमध्ये साम्राज्यातलं वन्यजीवन वाचवायला संस्था निघाली, तिच्यात नावाजलेले शिकारी इतके की लोक तिला पस्तावलेल्या खाटकांची संस्था म्हणू लागले. टोमणा मार्मिक आहे, पण आज उरलेल्या कित्येक अभयारण्यांचं मूळ त्या खाटकांपाशी जातं, हेही खरं. तरी मारणं थांबलं नाही, फक्त कारण बदललं. १९४४ ते ४६ मध्ये केनियातल्या माकुएनी भागात शेतीला जमीन मोकळी करायची म्हणून शिकार खात्याच्या जे. ए. हंटरने (आडनावच हंटर) सुमारे हजार गेंडे मारले. सरकारी नोकरीत, पगारावर. १९५२ च्या आपल्या पुस्तकात तो हे सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात थकवा आहे. केनियाने १९७७ मध्ये शिकार पूर्ण बंद केली.

पॅटरसनच्या सिंहांची कातडी त्याच्या घरी पाव शतक जमिनीवर अंथरलेली होती. १९२४ मध्ये त्याने ती शिकागोच्या फील्ड म्युझियमला पाच हजार डॉलरना विकली. झिजलेली, कापलेली कातडी, त्यामुळे भुसा भरून उभे केलेले सिंह मूळ आकारापेक्षा लहान झाले. माझी भाची त्या शहराच्या एका उपनगरात राहते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो तेव्हा एवढं एकच पाहायचंय म्हणून हट्ट धरला. काचेआड दोघे. एक बसलेला, एक उभा. मी नववीपासून ज्यांना घाबरत आलो ते हे? भाची म्हणाली, "मामा, या तर सिंहिणी वाटतात. आणि तू म्हणालास तेवढ्या मोठ्या कुठे आहेत?" पहिला सिंह उचलायला आठ माणसं लागली होती, असं मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली, मला बरं वाटावं म्हणून.

या सिंहांवर अजूनही संशोधन चालू आहे. २००९ मध्ये त्यांच्या हाडांच्या आणि केसांच्या रासायनिक तपासणीवरून अंदाज निघाला की दोघांनी मिळून साधारण ३५ माणसं खाल्ली असावीत, त्यातली बरीचशी एकट्यानेच. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात भाचीने व्हॉट्सॲपवर एक बातमी पाठवली, वर लिहिलं होतं, "तुझे सिंह." त्यांच्या मोडक्या दातांच्या पोकळीत केसांचे बारीक पुंजके सव्वाशे वर्षं अडकून राहिले होते. त्यांतून डीएनए काढला. जिराफ, झेब्रा, ओरिक्स, वॉटरबक, विल्डबीस्ट. आणि माणूस. माणसाच्या केसावर मात्र शास्त्रज्ञांनी पुढची तपासणी केली नाही. त्या भागात त्या माणसाचे वंशज असू शकतील, त्यांच्याशी बोलल्याशिवाय हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं.

बातमी वाचल्यावर मी कपाटातून ती वाळवी लागलेली प्रत काढली. मामा जाऊन आता बारा वर्षं झाली. आफ्रिकी लोकांची सरकारी नोंद ठेवली गेली नाही, ती ओळ शोधली. पेन्सिल पुसट झालीय, पान दिव्याखाली तिरकं धरावं लागतं. समासात एकच शब्द आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह. 'मस्टर?'